आनंदमेळ्यातली सौर काच

महिला मंडळाच्या आनंदमेळ्यात माझ्या सासूबाईंनी मला न विचारता एक स्टॉल घेऊन टाकला. मला हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते.

"शाहपुऱ्याच्या मैदानात आहे मेळा," त्या म्हणाल्या. "आपल्याला कोपऱ्यातली जागा मिळालीय. एकदम उन्हात."

"अरे वा. काय ठेवताय?"

"धिरडी."

"एवढ्या गर्दीत कोण घालत बसणार, आई?"

"माझी नाही गं, तुझी. काचेवरची."

माझ्या हातातले मटार खाली सांडले. सासूबाई वाकून ते गोळा करायला लागल्या, म्हणजे त्यांच्यापुरता विषय संपला होता.

काचेवरच्या धिरड्यांचं जरा सांगायला हवं. शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत मी सौर सेलवर काम करते. घरांच्या छतांवर जी काळी-निळी पॅनेल दिसतात ती सिलिकॉनची. ते सिलिकॉन वाळूपासून काढायचं तर भट्ट्या प्रचंड तापवाव्या लागतात. आम्ही काम करतो तो पदार्थ वेगळा, पेरोव्स्काइट म्हणतात त्याला. त्याचं कौतुक असं, की तो भट्टीशिवाय जमतो. काही क्षारांचं पिवळं द्रावण करायचं, त्याचे थेंब काचेच्या छोट्या चौकोनावर टाकायचे आणि काच गरागरा फिरवायची. केसाहून कितीतरी पातळ असा थर पसरतो. मग काच गरम तबकडीवर ठेवायची. बघता बघता पिवळ्याचा गडद तपकिरी रंग होतो, आणि तो तपकिरी थर उन्हात धरला की वीज देतो. लग्नानंतर मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे धिरडं."

तेव्हापासून आमच्या घरात माझ्या संशोधनाला धिरडी म्हणतात. नवरा फोनवर मित्राला सांगतो, "ती नाही यायची आज, धिरडी घालतेय," आणि मित्राला वाटतं, काय घर आहे, रोज धिरडी.

सासूबाई ग्वाल्हेरच्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि नोकरीपायी भोपाळला येऊन इथल्याच झाल्या. ट्रंक कॉल जोडून देण्याचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं. आजही त्या बोलतात ते समोरचा माणूस जबलपूरला बसलाय असं समजून. अरेरा कॉलोनीतल्या आमच्या घराच्या छतावर सिलिकॉनची पॅनेल आहेत. ती त्यांनीच लावून घेतली आणि रविवारी सकाळी त्या ती स्वतः धुतात, लांब दांड्याच्या फडक्याने, हत्तीला आंघोळ घालावी तशी. धुऊन खाली आल्या की मला विचारतात, "तुझं धिरडं कधी येणार छतावर?"

आमचं घोडं अडलं होतं ते तिथेच. पेरोव्स्काइटला ओल सोसत नाही. सेलमध्ये जराशी दमट हवा शिरली की तो सुंदर तपकिरी थर परत पिवळा पडतो, आणि वीज बंद. म्हणून आम्ही सेल बनवतो ते नायट्रोजन भरलेल्या बंद काचपेटीत, लांब रबरी हातमोज्यांतून हात घालून. एरवी प्रगती मात्र झपाट्याने झाली आहे. सुरुवातीला काही मिनिटांत मान टाकणारा हा पदार्थ आता उन्हातून वीज काढण्यात सिलिकॉनच्या बरोबरीला आलाय, आणि आता तर दोघांना एकावर एक बसवतात. वर पेरोव्स्काइट, खाली सिलिकॉन. उन्हातला निळा-हिरवा भाग वरचा थर घेतो, तांबडा खालच्यासाठी सोडतो. दोघं मिळून एकेकट्यापेक्षा जास्त वीज देतात.

"वर सून, खाली सासू," हे ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या. "सुनेने सगळं ऊन खाऊन टाकायचं नाही. चांगलं आहे."

तर अशी ही आमची काच मेळ्यात न्यायची होती. आमचे सर नाही म्हणतील आणि मी सुटेन, या आशेने मी त्यांना विचारायला गेले. सर तमिळ आहेत, हिंदी बोलतात ती वर्तमानपत्रात छापल्यासारखी.

"अवश्य ले जाइए," ते म्हणाले. "लोगों को देखना चाहिए। केवल सील पक्की होनी चाहिए। इसमें लेड है।"

लेड म्हणजे शिसं. चांगल्यात चांगले पेरोव्स्काइट सेल अजून शिशाचेच होतात. शिशाऐवजी कथिल घालून बघणारे लोक आहेत, पण त्यांचे सेल तितके टिकत नाहीत. मी काही सेल एकमेकांना जोडले, दोन काचांमध्ये घट्ट बसवले, कडेने काळ्या रबरासारखं सील फिरवलं. ऊन पडलं की चालेल असा खेळण्यातला पंखा त्याला जोडला. शेजारी लहानशा दिव्यांची माळ आणि एक आकडे दाखवणारं घड्याळ.

मेळ्याच्या सकाळी उठून बघते तर दाट धुकं. शाहपुऱ्याचा तलाव कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. आमच्या एका बाजूला भरीत-भाकरी, दुसऱ्या बाजूला साबुदाणा वडे. दोन्हीकडे रांगा, आणि मध्ये आम्ही दोघी एक काच घेऊन उभ्या. पंखा ढिम्म. दिव्यांची माळ लागलीय की नाही हे डोळ्यांवर हात धरून बघावं लागत होतं. घड्याळ तेवढं चालू होतं, कारण त्याला वीज लागतेच किती!

मी गुंडाळायला निघाले. सासूबाईंनी माझा हात धरला, घसा साफ केला आणि आवाज दिला, "या, या! उन्हावरचं घड्याळ बघा! सकाळी वेळ बघा, दुपारी वारा घ्या!"

भाकरीच्या रांगेतली अर्धी माणसं वळली. जबलपूरला ऐकू जाणारा आवाज, शाहपुऱ्यात काय होणार!

अकराच्या सुमारास धुकं फाटलं आणि ऊन टेबलावर आलं. पंखा एकदा हलला, थबकला आणि फिरायला लागला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग मात्र गर्दी झाली. मुलं काचेवर तळहात धरायची, पंखा थांबायचा; हात काढला की फिरायचा. एका काकांनी विचारलं, यावर कूलर चालेल का. नाही, म्हटलं. मोबाइल? नाही. मग सबसिडी कधीपासून मिळणार? एका बाईंना ही काच गच्चीच्या जाळीला लावायची होती, एका मुलाला स्कूटीच्या सीटवर. मी सांगत होते, की हो, हा थर वाकणाऱ्या प्लास्टिकवरही घालता येतो, असे प्रयोग चालू आहेत. प्रबंध लिहिताना आला नव्हता इतका आनंद मला त्या टेबलामागे आला. दुपारपर्यंत माझा घसा बसला, सासूबाईंचा नाही.

तेवढ्यात एक वयस्क बाई पुढे आल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. बारीक अंगकाठी, साडीवर राखाडी कार्डिगन, हातात भरिताचा द्रोण. गर्दी ओसरेपर्यंत त्या बाजूला थांबल्या होत्या.

"कशाचं बनवलंय हे?" त्यांनी विचारलं.

मी दिवसभर सांगत होते तेच सांगितलं, क्षार, थेंब, काच. "नेमके कुठले क्षार?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यात आयोडीन असतं, शिसं असतं."

"शिसं म्हणजे विषच."

"हो, पण अगदी थोडं असतं. जुन्या गाडीच्या बॅटरीत याच्या कितीतरी पट असतं."

"थोडं असतं हे कळलं. गळलं तर कुठे जाईल, ते विचारतेय."

"सील केलेलं असतं ना, मावशी."

"सील सगळ्यालाच असतं, बाळा." आवाज अगदी साधा होता. "हे छतावर जाणार. गारा पडतील, माकडं दगड टाकतील. काच फुटली, वर पाऊस आला, तर ते पाणी कुठे जाईल? खाली लोक राहत असतील ना?"

माझ्याकडे आणखी दोन उत्तरं तयार होती. ती मी वाचलेली होती, परिषदांमध्ये ऐकलेली होती. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की ती द्यावीशी वाटेनात.

"ते मी मोजलेलं नाही," मी म्हटलं.

"मग मोजलंस की सांग," त्या म्हणाल्या. पंख्याकडे बघून हसल्या, "छान फिरतोय हो," म्हणाल्या आणि ऊन बघून खुर्चीवर भरीत खायला बसल्या. मंडळातल्या कुणीतरी नंतर सांगितलं, की त्या जुन्या शहरातल्या सरकारी इस्पितळात परिचारिका होत्या.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. सासूबाई गप्प होत्या. हे इतकं विचित्र वाटलं, की मी दोनदा त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"गॅसनंतर," त्या एकदम बोलायला लागल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलावा एवढा होता. "किती दिवस आमच्या बोर्डावरचे दिवे विझत नव्हते. सगळीकडून लोक भोपाळ मागायचे. आमचं माणूस अमक्या मोहल्ल्यात आहे, तमक्या दुकानात फोन आहे, जोडून द्या. मी जोडायची. तिकडे घंटी वाजत राहायची. मग आम्ही काय म्हणायचं, तर 'जवाब नहीं मिल रहा.' एवढंच. मी ते इतक्यांदा म्हटलं, की घरी कुणी चहा घेणार का विचारलं तरी तोंडातून तेच यायचं."

मी गाडी हळू केली.

"मी तेव्हा नवी होते नोकरीत," त्या म्हणाल्या. "त्या बाईंनी बरोबर विचारलं तुला."

मी स्वतः भोपाळच्याच शिवाजी नगरमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. राजधानी भोपाळला झाली तेव्हा आजोबा नागपूरहून ऑफिसबरोबर आले होते. आमच्या घरी चौऱ्याऐंशीच्या त्या गॅसगळतीबद्दल बोलत ते 'आपण त्या बाजूला नव्हतो' इतकंच, आणि मग विषय बदलायचा. सासूबाईंकडूनही त्या दिवसापर्यंत मी हे ऐकलं नव्हतं. घर आलं. त्यांनी उतरून पिशव्या घेतल्या आणि फाटकातूनच नवऱ्याला हाक मारली, की शेजारच्या स्टॉलवरचे उरलेले वडे आणलेत, गरम कर. आवाज परत जबलपूरच्या मापाचा झाला होता.

सोमवारी मी सरांकडे गेले. फुटलेल्या सेलमधून पाण्यात किती शिसं जातं ते मला मोजायचंय, आणि ते अडवायचं कसं यावर काम करायचंय, असं सांगितलं.

"इससे दक्षता तो नहीं बढ़ेगी," सर म्हणाले. दक्षता म्हणजे कार्यक्षमता. आमच्या धंद्यात सगळी धावाधाव तिच्यासाठीच, किती ऊन घेतलं आणि किती वीज दिली.

"थोडी घटेगी शायद," मी म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "कीजिए। किसी को तो करना ही है।"

उन्हाळाभर मी सेल फोडले. शेजारच्या टेबलावरची मंडळी सेल जपायला जिवाचं रान करत होती आणि मी गारेएवढी पोलादी गोळी नळीतून खाली सोडून माझेच सेल तोडत होते. मला बघितलं की ते आपापल्या काचा हाताने झाकायचे. फुटलेला सेल पावसाच्या पाण्याइतक्या किंचित आम्ल पाण्यात बुडवायचा आणि मग ते पाणी यंत्रात घालून शिसं मोजायचं. पहिल्या वेळचा आकडा पाहून मला जेवण गेलं नाही. काच फुटल्यावर ते थोडं शिसं पाण्यात सहज, घाईघाईने निघून जात होतं.

परदेशातल्या काही प्रयोगशाळांनी यावर उपाय सुचवले होते. शिशाला चिमटीत पकडून ठेवणारा एक पारदर्शक चिकट पडदा सेलवर चढवायचा. काच फुटली तरी पडदा तुकडे धरून ठेवतो आणि पाण्यात जाणारं शिसं अडवतो. आम्ही आमच्याकडे मिळणाऱ्या सामानातून तसा पडदा करून बघितला. तो ज्या द्रवात विरघळवावा लागत होता त्या द्रवाने सेलच खाल्ला. एकजात सगळे पिवळे.

"करपलं का धिरडं?" माझं तोंड बघून सासूबाईंनी विचारलं.

"उलट झालं. भाजलेलं परत कच्चं झालं."

"मग वरून कशाला ओततेस? वेगळं वाळवून चिकटव की," नवरा मोबाइलमधून मान न काढता म्हणाला. मी त्याला सांगणार होते, की ते इतकं सोपं नसतं. खरं तर आम्हीही तिकडेच निघालो होतो. पडदा वेगळा तयार करून, पूर्ण वाळवून, एक पुढच्या काचेच्या बाहेरून आणि एक मागून लावला. नुसतं चिकटवायचं म्हटलं तरी बुडबुडे येत राहिले, कडा सुटत राहिल्या, मे महिन्याच्या उन्हात एक अख्खी खेप सुरकुतली. पावसाळा लागेपर्यंत कुठे पडदा नीट बसायला लागला. वीज अगदी किंचित कमी झाली. सरांनी तो आकडा पाहिला आणि वहीत टिपून घेतला, याला आमच्याकडे शाबासकी समजतात.

मग मी सासूबाईंना म्हटलं, "त्या मावशींना बोलवायचं का?"

त्यांना मंडळातून फोन नंबर मिळवायला एक चहा पुरला. मी सरांची परवानगी काढली आणि एका ढगाळ सकाळी सासूबाई मावशींना घेऊन संस्थेत आल्या. मावशी तोच राखाडी कार्डिगन घालून आल्या होत्या, बाहेर उकडत असतानाही. प्रयोगशाळेतला एसी फार असतो असं सासूबाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी त्यांना डोळ्यांवर लावायचा जाड चष्मा दिला. तो स्वतःच्या चष्म्यावर बसवायला त्यांना वेळ लागला.

मी पडदा लावलेला सेल नळीखाली ठेवला. गोळी नळीत सोडणार, इतक्यात त्या म्हणाल्या, "मी सोडू?"

मी गोळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तळहातावर तोलून बघितली, नळीच्या तोंडाशी नेली आणि सोडली. काडकन आवाज झाला. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले, पण तुकडे जागचे हलले नाहीत.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "परत सोडा. नेम चांगला आहे तुमचा."

तीन गोळ्यांनंतर सेलची पुरती वाट लागली. आम्ही तो पाण्यात बुडवला. मावशी भांड्यावर वाकून बघत राहिल्या, जणू काही दिसणार होतं.

"आता?"

"आता संध्याकाळी पाणी यंत्रात घालायचं. आकडा तेव्हा येईल."

मग आम्ही कँटीनमध्ये पोहे आणि चहा घेतला. मावशींनी पोह्यांवरची शेव बाजूला काढून ठेवली. "तेव्हा आम्हाला कुणी सांगत नव्हतं, काय गळलंय," त्या म्हणाल्या. "वॉर्ड भरलेला. डोळे धुवायचे, ऑक्सिजन लावायचा. पण औषध कशावर द्यायचं? डॉक्टर आम्हाला विचारायचे, आम्ही डॉक्टरांना. तेव्हापासून मला सवयच लागली. नवीन काही दिसलं की आधी विचारते, आत काय आहे. सून वैतागते. प्रेशर कुकर आणला तरी विचारते."

सासूबाई हसल्या. मग त्या दोघी कुकरच्या शिट्ट्यांवर बोलत बसल्या आणि मी चहाचे पैसे देऊन आले तरी त्यांचा विषय तिथेच होता. निघताना सासूबाईंनी त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि संध्याकाळच्या भजनाला येण्याचं पक्कं करून घेतलं.

संध्याकाळी आकडा आला. जवळजवळ सगळं शिसं पडद्यातच अडकलं होतं. पाण्यात उतरलं होतं ते फारच थोडं, पण होतं. मी परत एकदा मोजलं, तोच आकडा. सरांना सांगायच्या आधी मी मावशींना फोन लावला. मागे टाळ वाजत होते, म्हणजे त्या भजनाला पोचल्या होत्या.

"मोजलं," मी म्हटलं. "बहुतेक सगळं अडलं."

"सगळं नाही?"

"सगळं नाही."

"उरलेलं कुठून सुटलं?"

"कडेने असावं. जिथे पडदा संपतो तिथून. ते आता बघायचंय."

"बघ," त्या म्हणाल्या. टाळांच्या आवाजात त्यांना नीट ऐकू येत नसावं, कारण त्या जरा मोठ्याने बोलल्या, "आणि काय गं, जेवलीस का?"

नाही, म्हटलं. त्यांनी मला आधी जेवून घे म्हणून सांगितलं. मी पाण्याच्या बाटलीवर चिठ्ठी लावली, हातमोजे काढले आणि कँटीन बंद व्हायच्या आत खाली गेले.